औषधाच्या डब्यांतली बाग

दर्जा ठरवणाऱ्या समितीची पाहणी वीस दिवसांवर आली, तेव्हा तासगावजवळच्या त्या महाविद्यालयाला पर्यावरणाची आठवण झाली. टाकाऊ प्लास्टिकच्या कुंड्या करून गेटपासून ऑफिसपर्यंत बाग उभी करण्याचे काम प्राचार्यांनी वनस्पतिशास्त्राच्या शरयू मॅडमवर सोपवले. माळी केरबा पंधरा वर्षे रोजंदारीवर होता. बाग समितीला आवडली तर तुला कायम करू, असे प्राचार्य त्याला चारचौघांत म्हणाले. चारचौघांत म्हणाले म्हणून त्याला ते खरे वाटले.

मॅडमनी मुलांना घरचे रिकामे डबे आणायला सांगितले. मुले द्राक्षबागायतदारांची, दोन दिवसांत ऐंशी डबे जमले. केरबाने एक हुंगून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, ह्ये औषधाचं डबं हायती."

"औषधाचे ना? मग स्वच्छच असणार," मॅडम म्हणाल्या. त्या शहरात वाढलेल्या. तासगावकडे खोकल्याचेही औषध आणि तण जाळायचेही औषधच, हे त्यांच्या गावी नव्हते. केरबाला वाटले, बाई एवढ्या डॉक्टर झालेल्या, त्यांना कुठले औषध ते आपण काय सांगायचे?

मुलांनी डब्यांवर डोळे आणि मिशा रंगवल्या. केरबाने झेंडू लावला, मोगरा लावला, पोटच्या पोरासारखी काळजी घेतली. चौथ्या दिवशी झेंडूने मान टाकली. आठव्या दिवशी फक्त मिशा ताठ होत्या. मॅडम रडकुंडीला आल्या आणि प्राचार्यांनी केरबाला सांगितले की, कायम व्हायचे आता विसर.

पाहणीला दोन दिवस होते. केरबा एसटीने सांगलीला गेला आणि पोतेभर फुले घेऊन आला. गणपतीच्या आराशीत लावतात ती, प्लास्टिकची.

समितीने बाग उन्हामुळे छत्रीखालून, चार पावले लांबून पाहिली. सगळी फुले एकसारखी कशी, असे एका सदस्याने विचारले. संकरित वाण, असे मॅडम म्हणाल्या आणि दुसरीकडे पाहू लागल्या. अहवालात शेरा आला: पाण्याची शंभर टक्के बचत करणारी, देखभालमुक्त बाग.

केरबा धुतलेला सदरा घालून आदेश घ्यायला गेला. प्राचार्यांनी त्याला शेरा वाचून दाखवला.

"देखभालमुक्त म्हटलंय, केरबा. मग आता माळी कशाला?"

केरबाची पंधरा वर्षे पाण्यात गेली. तरी तो म्हणाला, "आवं सायेब, फुलांवर धूळ बसती लय. ती धुवायची कुणी?"

प्राचार्य विचारात पडले. वसतिगृहात धुलाई कामगाराचे एक पद रिकामे होते. केरबा त्या पदावर कायम झाला. आता दर सोमवारी तो बाग उतरवतो, साबणाच्या पाण्यात बुडवतो आणि दोरीवर वाळत घालतो.

घरी आदेश दाखवला तेव्हा बायको अंजना हरखली. मग तिने विचारले, "आन् खरी झाडं कवा लावणार?"

"गप," केरबा म्हणाला. "झाडं लावली तर पुन्यांदा रोजंदारीवर धाडत्याल."