टाकीच्या तोंडात झिवानाई

रविवारी जेवणं झाल्यावर झिवानाईने, म्हणजे बाबाने, चिएद्झा आणि धाकट्या मुनाशेला गोष्टीचं नवंकोरं पुस्तक वाचून दाखवायचं ठरवलं. इथवर ठीक होतं. पण गोष्टीत न्झूझू ही पाण्यातली बाई एका मुलीच्या धाकट्या भावाला पाताळात ओढून नेते, बहीण त्याच्यामागे उडी घेते, आणि नेमकं तिथेच झिवानाईने पुस्तक मिटलं.

"उरलेलं पुढच्या रविवारी!"

(मुलांना धीर धरायला शिकवावं म्हणून. स्वतःचे डोळे मिटत होते, हा भाग वेगळा.)

डुलकी मोडली ती नऊ वर्षांच्या चिएद्झाच्या हाकेने.

"बाबा! मुनाशे टाकीत उतरलाय, गोष्टीत पुढे काय होतं ते बघायला! मी आणते त्याला!"

परसातली जमिनीखालची जुनी टाकी! झिवानाई अनवाणीच धावला. तो पोचेपर्यंत चिएद्झाही आत गडप झालेली.

"अहो, बघताय काय? उतरा!" बायको किंचाळली.

घाईत त्याने आधी डोकं घातलं, मग खांदे. पोटाने मात्र साफ नकार दिला. ना खाली, ना वर. टाकीला गच्च बूच बसलं आणि आत काळोख झाला.

"मुनाशे! चिएद्झा!" तो ओरडला.

"शूऽऽ, बाबा. बघा ना!"

फुटक्या नळाच्या भोकातून उन्हाची एक तिरीप आत आली होती. इतका वेळ वरून येणाऱ्या उजेडात ती कुणाला दिसलीच नव्हती. घोटाभर पाण्यावर ती पडली होती आणि अख्खी टाकी हिरवी-निळी होऊन हलत होती. भिंती वाहत होत्या, छत लाटा मारत होतं. मधोमध चिएद्झा भावाला घट्ट कवटाळून उभी, दोघांच्या गालांवरून उजेड ओघळतोय. उलटा लोंबकळणारा झिवानाई रागवायचंच विसरला. इतकी वर्षं आपण या टाकीवर गोधड्या वाळत घातल्या, आणि खाली हे होतं!

वर बायको आणि शेजारचे माफुता आजोबा त्याचे पाय ओढत होते.

"श्वास सोडा!"

"सोडला!"

"मग पोट सोडा!"

शेवटी तो फटकन निघाला, शेवाळाने माखलेला. मागोमाग लोखंडी पायऱ्यांवरून मुलं वर आली. आईने दोघांना छातीशी धरलं.

"घाबरलीस का गं? कोण होतं आत?"

"आत कुणीच नव्हतं," चिएद्झा म्हणाली. "राक्षस होता, पण तो दारातच अडकला."