नेन्यांची झोपमोड

चारुदत्त नेन्यांना रोज मध्यरात्री जाग येई आणि त्यांच्या पत्नीला, सरलाबाईंना, ते मनापासून आवडे. पुण्याहून बदली होऊन कलकत्त्याच्या बागबाजारात आल्यापासून दिवसभर त्यांच्याशी मराठीत बोलायला कुणी चिटपाखरू नव्हतं. नवरा बँकेतून दमून यायचा, जेवायचा आणि आडवा व्हायचा. पण मध्यरात्री टक्क जागा झाला की त्याला वाचा फुटायची. लहानपणी चोरलेल्या कैऱ्या, नव्या साहेबाचा खडूसपणा, सगळं बाहेर पडायचं. सरलाबाई मच्छरदाणीत बसून ऐकत आणि देवाचे आभार मानत.

एके दिवशी नेने खालच्या मजल्यावरच्या मित्रबाबूंना सहज म्हणाले, की हल्ली रात्री जाग येते. झालं! कलकत्त्यात दुखणं एकट्याचं राहत नाही.

"पेट! सब पेट का गोलमाल!" मित्रबाबूंनी उभ्या उभ्या निदान केलं.

संध्याकाळी त्यांच्या पत्नीने कच्च्या पपईचा रस्सा पाठवला. समोरचे दासबाबू इसबगोल घेऊन आले. कोपऱ्यावरच्या होमिओपॅथने गोड गोळ्या दिल्या. परक्या गावात माणसं इतका जीव लावतात म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? सरलाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी सगळं नवऱ्याला निमूट चारलं.

गुण आला. नेने रात्रभर घोरू लागले. गल्लीभर आनंद झाला. सरलाबाई मात्र ते घोरणं ऐकत तळमळत पडायच्या. आजार परवडला, पण औषध नको, असं त्यांना झालं.

शेवटी एका रात्री त्यांनी हळूच उठून पंखा बंद केला. थोड्या वेळाने नेने घामाने निथळत उठले.

"काय झालं गं?"

"दिवे गेले हो. लोडशेडिंग," सरलाबाई चाचरत म्हणाल्या. त्या दिवसांत कलकत्त्यात याला पुरावा लागत नसे.

नेने पाणी पिऊन खिडकीशी गेले. रस्त्यावरचा दिवा लख्ख जळत होता. समोर दासबाबूंचा पंखा गरगर फिरत होता. सरलाबाईंना वाटलं, आता बोलणी बसणार!

नेन्यांनी एकदा त्या दिव्याकडे पाहिलं, एकदा त्या पंख्याकडे. मग एवढ्या उकाड्यात त्यांनी खिडकी घट्ट लावून घेतली आणि मच्छरदाणीत येऊन मांडी ठोकून बसले.

"गेलेत खरे," ते म्हणाले. "अख्ख्या गावातले गेलेत. मित्रबाबूंना मात्र यातलं काही बोलू नकोस हं. आणि आज मी गप्प बसतो. तू दिवसभर काय केलंस, ते सांग."