मागच्या दोन चाकांचा मान

किकवीला हायवे सोडून आत वळलं की तीन किलोमीटरवर एक गाव लागतं. गावाचं नाव इथे देता येत नाही. गावात वरची आळी आणि खालची आळी अशा दोन आळ्या आहेत. नाव छापलं, तर कोणत्या आळीला विचारून छापलं, यावर सभा बोलवावी लागेल.

या गावातल्या नूतनने दोन वर्षं खपून रिमोटवर पळणारी एक गाडी बांधली. नूतन शिरवळच्या एका कारखान्यात गिअर तपासायच्या कामाला होती. रोज स्कूटरवर जायची, संध्याकाळी यायची आणि जेवण झालं की पाटावर स्क्रू मांडून बसायची. आई रत्नाबाई म्हणायच्या, "इतका जीव लावून सैपाक शिकली असतीस तर..." पण पुढचं वाक्य त्या पूर्ण करत नसत, कारण गाडी खरोखर देखणी होती. हातभर लांब, ढेकळांवरून उड्या मारणारी, मागच्या दोन चाकांच्या जोरावर धावणारी.

गेल्या वर्षी विंझरच्या माळावर अशा गाड्यांची शर्यत ठरली. पहिल्या येणाऱ्याला पुण्याच्या मोठ्या मैदानावर चालवायला मिळणार होतं. नूतनला आयुष्यात तेव्हा एवढंच हवं होतं.

त्यासाठी तिने सगळ्यात जास्त डोकं लावलं ते डिफरन्शियलवर. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता पडतो, आतल्याला जवळचा. दोघांना आपापल्या गतीने फिरू देणारी, मुठीत मावणारी दातेरी चक्रांची डबी म्हणजे डिफरन्शियल. बाजारात चक्रांऐवजी छऱ्यांवर चालणारी डबी मिळते, ती हलकी असते. पण विंझरची धूळ तिच्यात शिरली असती. म्हणून नूतनने बंद डबी निवडली. या बंद डबीत तेल भरावं लागतं, आणि खरी मेख त्या तेलात असते.

पातळ तेल घातलं, तर वळणावर आतलं चाक जमीन सोडताच गाडीची सगळी ताकद त्या हवेतल्या चाकाकडे जाते. ते गरागरा फिरतं. जमिनीवर टेकलेलं, काम करणारं चाक ताटकळत राहतं. नूतनला याचं नवल वाटलं नाही, ती सहा वर्षं नोकरीत होती. घट्ट तेल घातलं की दोन्ही चाकं एकमेकांना धरून बसतात आणि गाडी वळायला तयार होत नाही. तिने पाच तेलं आणली, शाळेच्या मैदानावर तीन रविवार घालवले, आणि चौथ्या रविवारी मधलं तेल घालून गाडी अशी वळवली की तिला स्वतःलाच हसू आलं.

मग तिने अर्ज वाचला. प्रवेश फक्त गावाच्या नावाने होता.

गावाच्या नावाने काहीही करायचं तर आधी कमिटी होते. इथेही झाली. अध्यक्ष वरच्या आळीचे गेनबाअण्णा, चिटणीस खालच्या आळीचे धनाजीकाका. पहिल्या सभेत पहिला विषय गाडीचा मान हा होता. गावच्या पालखीचा उजवा दांडा वरच्या आळीचा आणि डावा खालच्या आळीचा, हे आजोबांच्या आजोबांपासून ठरलेलं. त्या धर्तीवर गाडीचं मागचं उजवं चाक वरच्या आळीला आणि डावं खालच्या आळीला बहाल करण्यात आलं. पुढची चाकं नुसतीच वळतात, ओढत नाहीत, असं कळल्यावर त्यांच्यावर कोणी हक्क सांगितला नाही.

इथवर नूतनला गंमत वाटत होती. तिने गाडीवर हळदकुंकूही लावू दिलं.

दुसऱ्या सभेत गेनबाअण्णांनी विचारलं, "बाय, त्या माळावर वळणं कुठल्या अंगाला हायती?"

"सात उजवीकडं, चार डावीकडं," नूतन म्हणाली.

"आन् उजवीकडं वळताना कुठलं चाक जास्ती फिरतं?"

"बाहेरचं. म्हंजे डावं."

गेनबाअण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हंजे आमच्या आळीचं चाक कमी फिरनार. आन् तुमच्या आळीचं जास्ती. तू कुठल्या आळीची गं?"

नूतन खालच्या आळीची होती. हे सभेतल्या प्रत्येकाला तिच्या जन्मापासून ठाऊक होतं, तरी इतिवृत्तात नव्याने नोंदवण्यात आलं.

"अण्णा, ह्यात आळीचा काय संबंध? समद्या गाड्यांचं असंच असतं. बाहेरच्या चाकाला रस्ताच लांब पडतो."

"मग तो लांबचा रस्ता आमाला का न्हाई?" मागून कोणीतरी ओरडलं.

धनाजीकाका मात्र खुशीत होते. "पोरगी शिकल्याली हाय. यंत्राच्या कामात आपुन कशाला पडायचं? डिफरन्शियल हाय तसं ऱ्हाऊ द्या."

ते तसं राहिलंही असतं. पण माणसांना दाखवलं की पटतं, अशी नूतनची एक भाबडी समजूत होती. तिने गाडी टेबलावर उपडी केली, मोटरचं चक्र बोटाने धरून ठेवलं आणि उजवं चाक पुढे फिरवलं. डावं चाक शिस्तीत मागे गेलं. डिफरन्शियल नीट बसल्याची ती खूण असते.

धनाजीकाका खुर्चीवरून उठले. "ह्ये काय? त्यांचं पुढं गेलं की आमचं मागं?"

"काका, ती नुसती तपासायची पद्धत..."

"पुन्यांदा फिरव!"

तिने पुन्हा फिरवलं. चाक पुन्हा मागे गेलं. खालच्या आळीतल्या दोघा बुजुर्गांनी डोळ्यांना उपरणं लावलं.

त्या दिवशी गावात वीस वर्षांनी दोन्ही आळ्यांचं एकमत झालं. डिफरन्शियल हे भेदभाव करणारं यंत्र असून गावाच्या एकोप्याला बाधक आहे, असा ठराव झाला. दोन्ही चाकांच्या फेऱ्या समान राहाव्यात म्हणून 'चाकफेरी समतोल उपसमिती' नेमण्यात आली. उपसमितीने विंझरला पत्र धाडलं, की उजवी आणि डावी वळणं सारखी करून मिळावीत.

शर्यतीचे पंच भोरचे हाफिजभाई होते. त्यांनी उलटटपाली कळवलं, "गोल फिरून परत सुरुवातीला यायचं तर एका बाजूला जास्त वळावंच लागतं." उपसमितीने शेरा मारला, 'उत्तर पक्षपाती. दप्तरी दाखल.'

मग तेलाचा विषय निघाला. पाचही बाटल्या पुढे मांडून उपसमितीने त्यांचा वास घेतला. प्रत्येक आळीने एकेक तेल सुचवलं, आणि दुसऱ्या आळीने सुचवलंय म्हणून दोन्ही बाद झाली. देवळातल्या समईचं तेल वापरावं, त्यावर कोणाचाच आक्षेप नसेल, अशीही सूचना आली. अखेर नळाची गळती थांबवायला वापरतात तो लगदा डबीत ठासून भरायचा, असं ठरलं. लगदा दगडासारखा वाळला, की दोन्ही चाकं एका दांड्याला जखडल्यागत बरोबर फिरतील आणि कुणालाही कुणापेक्षा पुढे जाता येणार नाही.

"अण्णा, गाडी वळनार न्हाई," नूतन म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "पायजे तर शाळेच्या मैदानावर दावते."

तिने दाखवलं. गाडीला वळायला अख्खं मैदान लागलं, तरी ती शेवटी कुंपणात घुसली.

"हळू चालव की मग," गेनबाअण्णा म्हणाले.

"शर्यत हाय अण्णा ती!"

"गावाचं नाव लावायचं तर गावाचं ऐकावं लागतं. न्हाईतर तुजं तू बग."

तिचं ती बघू शकत नव्हती. प्रवेश गावाच्या नावानेच होता. तिने ओठ आवळले आणि आपल्या हाताने लगदा भरला. भरताना तिला वाटलं, एखाद्याच्या नरड्यात बोळा कोंबतो तसं आपण करतोय.

शर्यतीच्या दिवशी गावातून दोन टेम्पो भरून माणसं विंझरला आली. एकेका आळीचा एकेक टेम्पो. प्रत्येक टेम्पोत एक माणूस केवळ आपल्या चाकावर नजर ठेवायला होता. त्या चाकांना चुन्याचे ठिपके लावले होते, म्हणजे फेऱ्या मोजता येतील.

शिट्टी वाजली. सरळ रस्त्यावर नूतनची गाडी सगळ्यांच्या पुढे गेली. लोकांनी टोप्या उडवल्या. पहिलं वळण उजवीकडे होतं. नूतनने रिमोट उजवीकडे पिळला, पुढची चाकं आज्ञाधारकपणे वळली, आणि मागची दोन्ही, खांद्याला खांदा लावून, सरळ गेली. गाडी दोरीखालून, माणसांच्या पायांतून, शेताच्या दगडी बांधावर जाऊन आदळली. मागचा सांगाडा तुटला, डबी फुटली.

हाफिजभाईंनी तुकडे गोळा करून आणले. फुटलेल्या डबीत नख घालून पाहिलं. "बेटा, ह्यात लगदा कुणी भरला?"

"गावानं," नूतन म्हणाली. तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. तिला पहिल्यांदाच सगळ्या गावाची शिसारी आली.

पलीकडे गाव आनंदात होतं. दोन्ही आळ्यांच्या माणसांनी ठिपके मोजले होते. दोन्ही चाकं अगदी सारख्या फेऱ्यांवर थांबली होती. "एक कमी न्हाई, एक जास्ती न्हाई," गेनबाअण्णा सांगत होते आणि धनाजीकाका त्यांना गुलाल लावत होते. पहिली आलेली गाडी कुठली, हे कोणीच विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात चौकशीची सभा होती. नूतनने दोन पानी तक्रार लिहून पर्समध्ये घातली. सगळ्यांच्या तोंडावर वाचायची आणि निघून यायचं, असं तिने आईला सांगितलं होतं. ती पोचली तेव्हा पुढच्या रांगेत, हात टेकायच्या खुर्चीवर तिच्यासाठी रुमाल टाकून ठेवला होता. धनाजीकाकांनी अहवाल वाचला : गाडी निर्दोष, चालक निर्दोष, दोष वळणाचा. मग तिला शाल दिली, नारळ दिला आणि कमिटीचं नवं पत्रक हातात ठेवलं. त्यावर तिचं नाव छापलेलं होतं : तज्ज्ञ सदस्य, चाके व फिरती यंत्रणा.

"आता पुढं काय करायचं, ते तज्ज्ञांनी सांगावं," गेनबाअण्णा म्हणाले, आणि चाळीस माणसं तिच्या तोंडाकडे बघू लागली.

कारखान्यात सहा वर्षांत तिच्या तोंडाकडे असं कोणी बघितलं नव्हतं. नूतनने पर्सची चेन उघडली, थोडा वेळ आत बोटं चाळवली आणि चेन लावून टाकली. "जरा अभ्यास करावा लागंल," ती म्हणाली. लोकांनी माना डोलावल्या.

यंदा शर्यत पुन्हा भरतेय. भाटघरहून लग्न होऊन वरच्या आळीत आलेली शेफाली परवा नूतनकडे आली. तिच्या पिशवीत तिची स्वतःची गाडी होती. तिने मोठ्या आशेने डिफरन्शियल उघडून दाखवलं. तेल अगदी बरोबर, मधलं होतं. नूतनने एका नजरेत ओळखलं, की ही गाडी पहिली येईल.

"ताई, नुसती गावाच्या नावाची सही मिळाली की झालं," शेफाली म्हणाली.

नूतनने गाडी उलटीपालटी केली, डबीचं झाकण लावलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"विषय मिटिंगमदी ठिवावा लागंल," ती म्हणाली. "कुठलं चाक कुठल्या आळीचं, ते आधी लिहून आन."

नूतनने असं वागायला नको होतं, असं तुम्हाला वाटत असणार. वाईटही वाटलं असेल. तुम्हालाही एखाद्या कमिटीवर घेतलं, की बरं वाटेल.