विलंबाच्या शोधात आठ रायफली

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात हरणांच्या शिकारीचा मोसम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि दोन आठवड्यांत संपतो. एकोणीस वर्षांच्या ब्रायस क्लिंगरला यंदा स्वतःची रायफल घेऊन आजोबांबरोबर रानात जायचं होतं. आजोबांची नजर झपाट्याने अधू होत होती. पुढच्या मोसमाची हमी डॉक्टर देत नव्हते.

कायद्याप्रमाणे बंदूक विकत घेणाऱ्या एकविशीच्या आतल्या ग्राहकाची जादा सरकारी चौकशी होते आणि तिला कामकाजाचे दहा दिवस लागू शकतात. ब्रायसने तरुणांच्या शस्त्रहक्कासाठी लढणाऱ्या ओग्डेन वकिलांना गाठलं.

"दहा दिवस! हा तुझ्या हक्काचा खून आहे," वकील गरजले. दावा तयार झाला. तिसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला, मंजुरी आली म्हणून.

"तीनच दिवसांत?" वकिलांचा चेहरा पडला. "मग नुकसान कुठंय? न्यायाधीश दारातूनच हाकलतील. दुसरीसाठी अर्ज कर. आणि शिकारीला अजिबात जायचं नाही. गेलास, तर मोसम बुडाला असं शपथेवर कसं सांगशील?"

दुसरी रायफल एका दिवसात मंजूर झाली, तिसरी तासाभरात. चौकशी करणारं सरकारी कार्यालय आता ब्रायसला ओळखू लागलं होतं.

पाचवीच्या वेळी आजोबांचा फोन आला. "लेका, मोसम सुरू झालाय. बंदूक राहू दे, नुसता ये की!"

"आजोबा, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बरं. मग यंदा फ्रीझरमध्ये तत्त्वच ठेवू."

सात रायफली ब्रायसच्या पलंगाखाली जमल्या. आठव्या अर्जावर त्या कार्यालयातल्या आयरिस डंकल या कारकूनबाईंचा हात थबकला. 'मुलगा एकोणीस वर्षांचा. तीन आठवड्यांत आठ रायफली. कशासाठी?' असा शेरा मारून त्यांनी अर्ज रोखला.

"मिळाला! विलंब मिळाला!" ओग्डेन वकील अक्षरशः नाचले.

मोसमाच्या शेवटच्या दिवशी ब्रायस कोर्टाच्या पायऱ्यांवर फोटोसाठी उभा होता. रानात आजोबांसमोरून काहीतरी गेलं. ते हरिण होतं का, हे सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

सुनावणी दोन वर्षांनी आहे. तोवर ब्रायस एकवीस पूर्ण करेल, जादा चौकशी त्याला लागूच राहणार नाही आणि दावा आपोआप निकाली निघेल. प्रतिवादींच्या यादीत आयरिसबाईंचं नाव मात्र पहिलं आहे. हक्काच्या आड येणारं दुसरं कोणी सापडलंच नाही.

बाईंना शंका आठव्या रायफलीला आली, म्हणजे फारच उशिरा, असं तुम्ही म्हणाल. तुम्हाला कितवीला आली? की सातवीपर्यंत तुम्ही हसतच होतात?