ज्याचं शिंग त्याच्या तोंडाला

डॉन एलिहिओ ओवेलार यांनी मुख्याध्यापक म्हणून आयुष्यात एकच नियम स्वतःच्या डोक्यानं केला आणि नेमका तोच काटेकोर पाळला गेला. (बाकीचे नियम वरून यायचे. ते सहसा कुणी पाळत नसे, म्हणून कुणाचं वाईटही होत नसे.)

त्याचं असं झालं, साथीपायी वर्षभर बंद असलेली शाळा मार्चात उघडली. त्या वर्षात पोरं मोबाईलला रेंज मिळावी म्हणून पाण्याच्या टाकीवर चढून अभ्यास करत होती. म्हणजे चढत होती, अभ्यासाचं देवाला ठाऊक. तिसरीची पोरं तर वाचायचंच विसरली होती. त्यात सुपरवायझर बाईंनी फोनवर दम भरला, "शाळेत एक जरी आजारी निघाला, डॉन एलिहिओ, तरी टाळं!"

डॉन एलिहिओंनी धसका घेतला. फाटकाशी साबणाच्या बादल्या आल्या, कपाळावर धरायचं ताप मोजायचं यंत्र आलं. पोरं एकमेकांना कोपरं लावून नमस्कार करू लागली आणि आठवडाभरात त्या कोपरांनीच मारामाऱ्याही करू लागली. सगळं ठीक चाललं होतं. राहता राहिला तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला तिकडचा गार चहा.

साडेनवाच्या सुट्टीत आंब्याखाली पाच खुर्च्या पडायच्या. मुख्याध्यापक स्वतः, चौथीचे क्रिस्पीन मास्तर, पहिलीच्या बाई, धाकटी लिब्रादा बाई आणि स्वैपाकीण न्या पोर्फिरिया. क्रिस्पीनच्या वडलांचं बैलाचं शिंग होतं, त्याचा पेला. त्यात चहाचा वाळका पाला, पाल्यात ओढून प्यायची चांदीची नळी. लिब्रादा सगळ्यात लहान म्हणून बर्फाचं पाणी ओतायची आणि शिंग एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती फिरायचं. एक शिंग, एक नळी, पाच तोंडं. बावीस वर्षं हे असंच चाललेलं.

"आजपासून," डॉन एलिहिओ उभे राहून म्हणाले, "ज्याचं शिंग त्याच्या तोंडाला."

"अगंबाई!" न्या पोर्फिरियानं हातातली तसराळी खाली ठेवली. "आणि पहिला घोट संत थॉमसच्या नावानं सोडतो आपण, तो कुणाच्या शिंगातला?"

"प्रत्येकाच्या."

"म्हणजे एका सकाळी पाचदा बर्फाचं पाणी? म्हातारा संत हो तो, घसा बसेल त्याचा!"

सगळे हसले. क्रिस्पीन हसला नाही.

"नळी धुऊन घेऊ की," तो म्हणाला.

"धुऊन भागत नाही."

"तुझी आई गेली तेव्हा तीन दिवस तुझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं, एलिहिओ. कुणाच्या शिंगातून प्यालास तेव्हा? आता माझ्या तोंडाची घाण वाटायला लागली होय रे?"

"अरे, तुझ्या तोंडाचा प्रश्न नाही, शाळेचा प्रश्न आहे."

"शाळेचं तोंड कुठनं आलं मधे?"

खरं म्हणजे डॉन एलिहिओंना सांगायचं होतं की, बाबा रे, तुला साखर आहे, तुला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? पण इतकं सरळ बोलायची सवय नव्हती. ते म्हणाले, "परिपत्रक आहे." (नव्हतं.)

क्रिस्पीननं शिंग काखोटीला मारलं आणि वर्गात निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून आंब्याखाली चार खुर्च्या.

चौघं आपापले प्लास्टिकचे पेले घेऊन बसायचे. पेला फिरतच नाही म्हटल्यावर तो हातात धरून बोलायचं तरी काय? क्रिस्पीन मात्र शाळा सुटली की रस्त्यापलीकडच्या गॅरेजात जाऊन बसायचा. तिथं ट्रकवाले, मेकॅनिक, आणखी कोण कोण. त्यांच्यात वडलांचं शिंग आठ तोंडांतून फिरायचं आणि हसण्याचा गडगडाट थेट मुख्याध्यापकांच्या खिडकीत यायचा. डॉन एलिहिओ बघायचे. चिडायचे. खरं सांगायचं तर जळायचे.

एकदा त्यांनी लिब्रादाबरोबर निरोप पाठवला, "तिथं पिऊ नको म्हणावं."

उत्तर आलं, "परिपत्रक फाटकाच्या आतलं आहे म्हणावं."

मग एका दुपारी त्यांना राहवेना. ताप मोजायचं यंत्र घेऊन ते स्वतःच गॅरेजात शिरले आणि एकेका ट्रकवाल्याच्या कपाळावर रोखू लागले.

"मास्तर, आलाच आहात तर टायरमधली हवाही बघा!" एकजण ओरडला. सगळं गॅरेज खदखदलं. दुसऱ्यानं भरलेलं शिंग त्यांच्यापुढे धरलं. "घ्या हो, रागावू नका."

क्रिस्पीन एका टायरवर बसून बघत होता. एक घोट घेतला असता तर तो टायरवरून सरकून जागा देणार होता, हे डॉन एलिहिओंना स्वच्छ दिसलं. ते म्हणाले, "नको, माझं शाळेत आहे." आणि परत आले. (अशा वेळी माणसाला अक्कल सुचत नाही, नियम तेवढा आठवतो.)

मेच्या दुसऱ्या सोमवारी क्रिस्पीन आला नाही. बुधवारी त्याला मोठ्या गावच्या हॉस्पिटलात हलवलं. भेटायला बंदी. शनिवारी त्याची बायको सेल्सा हिचा फोन आला.

"त्यांना बोलवत नाही, कागदावर लिहितात. तुम्हाला निरोप आहे. वाचू?"

"वाच."

"'एलिहिओला सांग, इथं दर माणशी वेगळी नळी आहे. कुणी कुणाचं उष्टं पीत नाही. अगदी त्याच्या मनासारखं.'"

डॉन एलिहिओ हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा, पोट धरून हसले, आणि हसता हसता त्यांचा आवाज चिरकला. "सेल्सा, त्याला सांग, परिपत्रक नव्हतंच. मीच काढलं होतं ते. त्याची साखर... भीती वाटायची गं मला."

"ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"कसं?"

"परिपत्रक तुम्ही चष्मा लावून वाचून दाखवता. हे तोंडी बोललात."

"मग एका शब्दानं बोलला का नाही तो?"

"तुम्ही बोललात?" सेल्सा म्हणाली.

मंगळवारी क्रिस्पीन गेला. पुरायला चौघांनाच परवानगी होती, त्यात घरचेच चौघं भरले. डॉन एलिहिओ कबरस्तानाच्या भिंतीबाहेर टोपी काढून उभे राहिले आणि आत काय चाललंय ते त्यांना दिसलंसुद्धा नाही.

जूनमध्ये सुपरवायझर बाई तपासणीला आल्या. आंब्याखाली खुर्ची टाकून त्यांनी फॉर्म काढला.

"कर्मचारी किती?"

"चार."

"निरोगी किती?"

"चार."

"शंभर टक्के! साऱ्या विभागात तुमची एकटीच शाळा, डॉन एलिहिओ. अभिनंदन!"

"बाई, पाच होतो आम्ही."

"हो, कळलं मला. वाईट झालं. पण ती लागण आवाराबाहेरची, गॅरेजातली. आपल्या रकान्यात येत नाही ती."

"मीच घालवला हो त्याला आवाराबाहेर," डॉन एलिहिओ म्हणाले आणि सगळ्या शाळेदेखत ढसाढसा रडू लागले. एवढा मोठा माणूस, पण मास्क भिजून हनुवटीला चिकटला. वर्गांच्या खिडक्यांत पोरांची डोकी जमली. न्या पोर्फिरिया एप्रन सावरत निघाली ती दोन मीटरवर येऊन थबकली, कारण पुढे यायची सोय नव्हती.

सुपरवायझर बाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

"नाक गळतंय तुमचं?"

"रडतोय मी, बाई."

"ते दिसतंय मला. पण पाटीवर कारण विचारलेलं नाही." त्यांनी पेनानं फाटकाकडे दाखवलं. तिथं वरून आलेला नियम डॉन एलिहिओंच्याच वळणदार अक्षरात लिहिला होता: नाक गळणाऱ्यास प्रवेश नाही, चौदा दिवस घरी थांबावे. "पोरांसमोर नियम मोडायचा का, तुम्हीच सांगा."

डॉन एलिहिओंनी मान हलवली. मोडायचा नाही. लिब्रादानं फाटक उघडलं. रडू तिलाही येत होतं, पण चौथीचा वर्ग आता तिच्याकडे होता, म्हणून तिनं नाक चिमटीत घट्ट धरून ठेवलं होतं. पोरांनी खिडकीतून कोपरं हलवून निरोप दिला.

त्या सबंध वर्षात रोगाच्या संशयावरून शाळेनं घरी पाठवलेला माणूस एकच, खुद्द मुख्याध्यापक.