धनलालभाऊंचं घरगुती विमान

धनलालभाऊंकडे कुणीही गेलं, तरी ते फाटकातच हात आडवा करून ओरडायचे, "बिडी बाहेर, माणूस आत!" कारण अंगणात त्यांचं विमान होतं. खरंखुरं, दोन माणसांचं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि वर रोगण फासलेले कापडी पंख.

भाऊ राइस मिलमध्ये इंजिन चालवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगी बालाघाटला दिलेली. आमच्या कामठा गावावरून शिकाऊ विमानं उडायला लागली, तेव्हा मान वर करून म्हणाले, "हे तं आपल्यालेही जमते जी." आणि भंगारातून जुन्या मोटारीचं इंजिन घेऊन आले.

मी शेजारचा शाळामास्तर. दोन घरांमध्ये एक मातीची भिंत आणि तिला टेकून माझ्या तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, मोठा ढीग. एक ठिणगी उडाली असती तर विमानाआधी मीच वर गेलो असतो. म्हणून शाळा सुटली की आधी भाऊंच्या अंगणात जाऊन पेट्रोलचा वास येतोय का ते बघायचो. टाकी सीटच्या मागे, आणि तिची प्लास्टिकची नळी थेट सायलेन्सरवरून.

"भाऊ, ही नळी इकडून काऊन नेली?"

"तिकडून लांब पडते जी."

"अहो, तापेल ना!"

"काई होत नाही जी. चहा घ्या."

चहा टपरीवरून यायचा. इंजिन आल्यापासून त्यांच्या घरात चूल पेटत नव्हती, एवढी मात्र खबरदारी! मी वाळूच्या दोन बादल्या आणून ठेवल्या. भाऊंनी एकीत माती घालून कोथिंबीर पेरली.

धान निघाल्यावर विमान भाताच्या रिकाम्या बांधीत ढकलत नेलं. इंजिन नुसतं चालवून पाहायचं होतं. हादऱ्यानं पडू नये म्हणून भाऊंनी बैलाच्या दाव्यानं स्वतःला सीटला बांधून घेतलं. इंजिन धडधडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी नजर नळीवर. ती मऊ पडली, लोंबली, निसटली आणि भप्पकन जाळ उठला.

भाऊंना गाठ सुटेना. कुणाच्या तरी हातातला विळा हिसकावून मी दावं कापलं, त्यांना बखोटीला धरून बाहेर ओढलं. मागे दोन्ही पंख कागदासारखे जळून गेले. भाऊंच्या भुवया गेल्या, हाताला फोड आले. "काई होत..." एवढंच म्हणाले आणि मातीत बसून राहिले.

त्यानंतर मी निर्धास्त झालो. त्यांच्याकडे जायचं कारणच उरलं नाही.

काही दिवसांनी हाताला पट्टी बांधलेले भाऊ दारात उभे.

"मास्तर, तुमी येत नाही आजकाल?"

"आता विमान कुठं आहे, भाऊ?"

ते घुटमळले. "तिरोड्याले एक इंजिन पाहून आलो. लहानसंच आहे." मग माझ्याकडे बघत, मोठ्या आशेनं म्हणाले, "पेटू शकते जी, ते बी."

मी चपला घालत म्हटलं, "इंजिन नसलं तरी येईन मी, भाऊ."

ते पुढे चालू लागले. पण मी येतोय ना, हे वळून वळून बघत.