काकासाहेबांचा पिवळा पट्टा

"माणूस प्लॉटमध्ये का फसतो? दुसऱ्याच्या सांगण्यावर जातो म्हणून. मी फसणार न्हाई."

काकासाहेब सरांनी हे वाक्य परतूरच्या हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये इतक्या वेळा म्हटलं होतं, की शिपाईसुद्धा घंटा द्यायला जाताना ते पुटपुटायचा. सर मराठी शिकवायचे. मूळचे आष्टीचे, पण नोकरीपायी सगळं आयुष्य परतूरला भाड्याच्या घरांत गेलं. निवृत्ती दिसायला लागली तसं त्यांनी ठरवलं, जालन्यात आपलं घर बांधायचं. त्यांच्या पत्नी दुर्गाबाईंची तयारी तर कधीचीच होती. कॅलेंडरसाठी भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकीणबाईंना विचारावं लागायचं, आणि त्या आधी खिळा बघायला मागायच्या.

सरांच्या सावधपणाला कारण होतं. त्यांच्याच शाळेतल्या सर्जेराव सरांनी जालन्यात हौसेनं प्लॉट घेतला, वास्तुशांतीच्या पत्रिकेचा मजकूरही लिहून ठेवला, आणि मग कळलं की शहराच्या विकास आराखड्यात त्या प्लॉटमधून साठ फुटी रस्ता जातोय. घर बांधलं असतं तर देवघरातून एस.टी. गेली असती. तेव्हापासून जालन्याचं नाव निघालं की सर्जेराव सर पाऊसपाण्याचा विषय काढायचे.

"आराखडा म्हणजे काय," काकासाहेब इतरांना समजावून सांगत, "शहराची कुठली जमीन कशासाठी, हे नकाशावर रंग देऊन ठेवलेलं असतं. तो रंग बघायचा आणि मगच इसार द्यायचा. बस. यात अवघड काय आहे?"

अवघड होतं ते नकाशा सापडणं. जालना शहराबाहेरच्या रस्त्यावर बद्रीनाथ नावाच्या शेतकऱ्याचं वावर विकायला निघालंय असं कळल्यावर सर रविवार सोडून खास रजा काढून निघाले. एका कार्यालयानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं, आणि तिसऱ्यानं पुन्हा पहिल्याचंच नाव सांगितलं. शेवटी एका जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या मागं, भिंतीवर तो नकाशा भेटला. समोर देवानंद नावाचा तरुण कारकून बसलेला.

"पिवळा म्हणजे रहिवासी, घर बांधता येतं," देवानंद म्हणाला. "हिरवा म्हणजे बगीचा, मैदान, न्हाईतर शेती. तिथं घर बांधायची परवानगी मिळत न्हाई. बघा तुम्ही निवांत, मी चहा घेऊन येतो."

सरांनी चष्मा पुसला. रस्ता सापडला, नाला सापडला, नाल्याच्या वळणावरचं बद्रीनाथचं वावर सापडलं. आणि ते वावर हळदीच्या अंगासारखं पिवळंधमक होतं. त्याच्यावर बारीक अक्षरात कसला तरी आकडा होता, तो सर्व्हे नंबर असणार. सरांना देवानंदच्या चहाची वाट बघायचीसुद्धा गरज वाटली नाही.

तिथून ते थेट वावरात गेले. बद्रीनाथ बांधावर बसून भाकरी खात होता. पन्नाशीचा, सरळ माणूस. त्याला टेंभुर्णीकडं, बायकोच्या माहेरच्या गावाजवळ विहिरीचं वावर घ्यायचं होतं, म्हणून हे तो विकत होता. सगळंच्या सगळं नाही जमलं तर तुकड्यानं, आणि भावही अगदी बेताचा.

"सर, एक सांगून ठेवतो," तो म्हणाला. "मागून बोल नको. ह्या वावरावर बगीचा पडलाय म्हनतेत लोक. म्हनून तर कमी भावात देऊन राह्यलो."

आता इथं दुसरा कुणी असता तर त्यानं त्या माणसाचे पाय धरले असते. काकासाहेबांना मात्र वेगळाच वास आला. हा माणूस आता नाही म्हणायचं निमित्त शोधतोय, असं त्यांना वाटलं. शिवाय कुणी चुकीचं बोललं की ते दुरुस्त केल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. तीस वर्षं ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केल्याचा तो परिणाम होता.

"कोण म्हणतं बगीचा? मी आत्ता नकाशा बघून आल्तो. पिवळा पट्टा आहे तुमचा. रहिवासी."

"पिवळा?"

"बिलकुल पिवळा. इथं उद्या बंगले उठतील. लोक काय, काहीबी बोलतात. तुम्ही अडाण्यासारखं ऐकून घेता."

बद्रीनाथनं भाकरी फडक्यात गुंडाळली. बराच वेळ तो आपल्याच वावराकडं असा बघत राहिला, जसं काही ते आत्ताच कुणीतरी आणून ठेवलंय.

पुढच्या रविवारी सर इसार घेऊन गेले तेव्हा भाव दुप्पट झाला होता. त्याच्या पुढच्या रविवारी बद्रीनाथ म्हणाला, "सर, तुमच्यामुळं डोळे उघडले बघा. आता मी इकत न्हाई. मीच प्लॉट पाडतो. तुम्हाला एक कोपऱ्याचा देईन, भाव मात्र सगळ्यांना जो तोच."

वावरात चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. रस्त्याच्या बाजूला नगराच्या नावाची पाटीही उभी होती. सर पाटी वाचत उभे राहिले, तिच्यातली वेलांटी दुरुस्त करून दिली आणि पिशवी काखेत मारून परतूरला परत आले.

दुर्गाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग इतकंच म्हणाल्या, "त्यानं बगीचा म्हनलं, तर तुम्हाला हूं म्हनता आलं नसतं का?"

"पण ते चुकीचं होतं."

"घर तर झालं असतं."

त्या दिवशी पिठलं जरा जास्तच तिखट झालं होतं. सरांनी त्याबद्दल काही विचारलं नाही.

दोनेक महिने गेले. एका सकाळी दारात बद्रीनाथ. चेहरा उतरलेला. त्यानं प्लॉट पाडायच्या मंजुरीसाठी अर्ज केला होता, तो नामंजूर होऊन आला होता. टेंभुर्णीचं वावर तोवर दुसऱ्यानं घेतलं होतं. पाहुणेरावळ्यांत सगळीकडं सांगून झालं होतं की आता आपलं नगर होतंय. मेहुण्यानं तर कोपऱ्याच्या प्लॉटवर किराणा दुकान टाकायचं म्हणून तराजूही आणून ठेवला होता.

"सर, ते म्हनतेत बगीचा हाये. तुम्ही म्हनल्ते पिवळा."

"पिवळाच आहे," काकासाहेब उठलेच. "चला. मी येतो. बघतो कोण बगीचा म्हणतं ते."

"मी बी येते," दुर्गाबाई म्हणाल्या. "ज्याच्यापायी घर गेलं तो नकाशा मला एकदा डोळ्यानं बघायचाय."

तिघं गाडीनं जालन्याला आले, मोडक्या खुर्च्या ओलांडून नकाशासमोर उभे राहिले. सरांनी देवानंदला वर्गातल्या मुलासारखं समोर घेतलं.

"हा रस्ता. हा नाला. हे यांचं वावर. आता सांगा, हा रंग कोणता?"

"हिरवा," देवानंद म्हणाला.

सर हसले. अभ्यास न केलेल्या मुलाकडं बघून हसायचे तसे. "नीट बघा. घाई नको."

"हिरवाच आहे सर."

"आणि हा शेजारचा?"

"तो पिवळा."

"अहो, दोन्ही एकच तर आहेत. एक जरा फिका, इतकंच."

देवानंदनं बद्रीनाथकडं बघितलं. बद्रीनाथनं नकाशाकडं बघितलं, मग सरांकडं, मग पुन्हा नकाशाकडं. "तसं... पिवळसर वाटतं खरं," तो म्हणाला.

तोपर्यंत आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं गोळा झाली. शिपाई आला, एक कंत्राटदार आला, दाखल्यासाठी आलेले दोघं आले. जो येईल तो वाकून बघायचा आणि हिरवा म्हणायचा. सरांचा आवाज चढत चालला. "नकाशा बदललाय," ते म्हणाले. "त्या दिवशी पिवळा होता, आजही पिवळा आहे, आणि तुम्ही सगळे मिळून एका गरीब माणसाच्या वावराचा बगीचा करून राह्यले." माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी मागं खुसकन हसलं.

दुर्गाबाई नकाशाला खेटून उभ्या होत्या. त्यांनी नकाशा बघितला होता. कोवळ्या मेथीसारखा हिरवागार पट्टा. त्यांनी नवऱ्याकडंही बघितलं. सरांच्या कपाळावर घाम आला होता, बोट नकाशावर ठेवलेलं तसंच होतं. हा माणूस हट्ट करत नव्हता. त्याला खरंच पिवळं दिसत होतं.

त्या पुढं झाल्या, पदर सावरला आणि शांतपणे म्हणाल्या, "मला बी पिवळाच दिसतोय."

एकटे सर असते तर प्रश्न नव्हता, पण एवढी धडधाकट बाई नकाशासमोर उभी राहून सांगतेय म्हटल्यावर देवानंदलाच घाम फुटला. त्यानं डोळे चोळले. शिपायानं खिडकी उघडली, उजेड कमी असेल म्हणून. कंत्राटदार म्हणाला, "छपाई जुनी झाली की रंग उडतो म्हणा." दाखल्यासाठी आलेल्यांपैकी एक जण आता ठामपणे पिवळ्याच्या बाजूला गेला. शेवटी देवानंदनं आतून राखीव जागांचं, आरक्षणांचं रजिस्टर आणलं. नकाशावरच्या त्या बारीक आकड्यावर बोट ठेवलं, तोच आकडा रजिस्टरमध्ये काढला आणि मोठ्यानं वाचलं, "बगीचा."

तो सर्व्हे नंबर नव्हताच, आरक्षणाचा नंबर होता. अक्षरापुढं मात्र काकासाहेबांचं काही चालेना. लिहिलेल्याला ते जन्मभर मानत आले होते.

बद्रीनाथ वावराकडं निघून गेला. नवरा-बायको स्टेशनकडं चालायला लागले. बरंच अंतर गेल्यावर दुर्गाबाई म्हणाल्या, "अहो, तो हिरवा होता."

सर थांबले. "मंग तू पिवळा का म्हनली?"

"तुम्ही एकटे पडल्ते."

रस्त्यानं एक कापसाची गाडी गेली, तिच्यामागं दुसरी गेली. सर बाजूला उभे राहून दोन्ही जाईपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी दुर्गाबाईंच्या हातातली पिशवी आपल्याकडं घेतली. लग्नापासून त्यांनी असं कधी केलं नव्हतं, त्यामुळं दुर्गाबाईंना आधी वाटलं की पिशवीत काहीतरी सांडतंय.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक पुढं केलं आणि प्रत्येक पानावरचा आकडा विचारला. सरांनी चार पानं उलटली आणि सौजन्यानं सांगितलं, "डॉक्टर, या पानांवर आकडे छापायचे राहून गेलेत." डॉक्टर म्हणाले, काही रंग तुम्हाला जन्मापासूनच एकमेकांहून वेगळे दिसत नाहीत, याला औषध नाही आणि यानं काही बिघडतही नाही. सर मनात म्हणाले, तुम्ही बद्रीनाथला भेटला नाहीत.

ते भेटायला गेले. वाटेत सगळं भाषण जुळवून ठेवलं होतं, पण वावरात पोचल्यावर त्यातलं काही आठवेना. "बद्रीनाथ, दोष नकाशाचा नव्हता," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांना तो रंगच कळत न्हाई. माझ्यामुळं तुमचं टेंभुर्णीचं वावर गेलं."

बद्रीनाथ चुन्याच्या रेघांवरून वखराची पाळी घालत होता. त्यानं बैल थांबवले.

"तुमचं डोळ्याचं तरी कारन हाये सर. मला त्या दिवशी हापिसात हिरवं साफ दिसल्तं."

"मग पिवळसर का म्हणालात?"

"पिवळं पाह्यजे होतं ना मला." तो ओशाळून हसला. "बसा. भाकरी खाऊन जा."

सर भाकरी खाऊन गेले, पण मन त्या वावरातच राहिलं. त्यांनी नियमांची पुस्तकं मिळवली आणि व्याकरण शिकावं तशी पाठ केली. आराखडा लागू होऊन दहा वर्षं उलटली आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालकाला नोटीस देता येते, मुदतीत काही हललं नाही तर आरक्षण सुटतं, हे त्यांनी बद्रीनाथला समजावून सांगितलं. ती वेळ यायला अजून अवकाश होता. बद्रीनाथ म्हणाला, चालतंय, तवर भाजीपाला करतो, तसंबी हिरवंच हाये. पहिल्या तोड्याची वांगी तो स्वतः परतूरला घेऊन आला.

पुढं सरांनी जालन्याच्या दुसऱ्या टोकाला एक प्लॉट बघितला. या वेळी देवानंदकडं दुर्गाबाई गेल्या. नकाशा बघितला, शेजारची गल्लीही बघितली, शिक्क्याचा दाखला हातात पडल्याशिवाय उठल्या नाहीत. देवानंदनं त्यांना दोनदा विचारलं, "बाई, नक्की कोणता रंग दिसतोय?" आणि त्यांनी उत्तर देईपर्यंत श्वास रोखून धरला.

घर झालं. दुर्गाबाईंनी पहिल्याच दिवशी हॉलच्या भिंतीत सात खिळे ठोकले. त्यातले पाच आजही रिकामे आहेत.

आता त्या भागात कुणालाही जागा घ्यायची असली, की माणसं काकासाहेब सरांकडं येतात. खुद्द सर्जेराव सरही आले होते. रस्त्यापासून किती जागा सोडायची, आरक्षण म्हणजे काय, कुठला दाखला कुठं मिळतो, सगळं सर तोंडपाठ सांगतात. माणूस थक्क होतो. मग तो पिशवीतून नकाशाची गुंडाळी काढतो आणि समोर उलगडतो. सर घसा खाकरतात, चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा घालतात आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारतात, "ऐकलं का, जरा बाहेर येता का?"

दुर्गाबाई पिठाच्या हातानं येतात, बघतात आणि सांगतात.

लोक बाहेर पडताना म्हणतात, एवढा विद्वान माणूस, पण बायकोला विचारल्याशिवाय शब्द देत नाही, केवढा मान देतो बघा. सरांच्या कानावर हे आलेलं आहे. इतरांची चूक दुरुस्त केल्याशिवाय त्यांना अजूनही घास गिळत नाही. ही एवढी मात्र त्यांनी तशीच राहू दिली आहे.